सावोनारोलाची उरलेली गोष्ट

युट्रेख्ट, नेदरलँड्स
१४ ऑक्टोबर

चि. यतीन,

ताईचे आशीर्वाद. चाळिशी गाठलेल्या माणसाला चिरंजीव म्हटलं म्हणून नाक मुरडू नकोस. माझ्यासाठी तू धाकटाच आहेस आणि राहशील.

आम्ही इथे ठीक आहोत. तू घरच्यांचा ग्रुप सोडलास, फोन उचलत नाहीस, म्हणून शेवटी पोस्टाचं तिकीट आणलं. हाताने लिहायची सवय मोडलीय, अक्षर चालवून घे. थंडी पडायला लागली. काल सायकलवर वारा असा समोरून आला की पुलावर उतरून चालत यावं लागलं. श्रीहर्ष ऑफिसातून येतो तो लॅपटॉप घेऊनच जेवायला बसतो. संहिताच्या शाळेला पुढच्या आठवड्यात सुट्टी लागेल. तू जेवतोस ना रे नीट? की बेस्ट गावातल्या त्या फ्लॅटमध्ये अजून दहीभातावरच दिवस काढतोयस?

तुला एक गोष्ट पुरी करून सांगायची राहिलीय.

आईच्या वर्षश्राद्धाला तू आमच्याकडे आला होतास. तेव्हा माझा इथल्या युनिव्हर्सिटीत सावोनारोलावरचा प्रबंध चालला होता आणि मी भेटेल त्याला त्याच्याबद्दल ऐकवत सुटले होते. पाचशे वर्षांपूर्वीचा फ्लॉरेन्सचा संन्यासी. चर्चमधला भ्रष्टाचार, पैसेवाल्यांचा थाट, यावर असा तुटून पडायचा की ऐकणारे ढसाढसा रडायचे. सगळी सत्ता मुठीत ठेवणारं मेदिची घराणं शहर सोडून पळालं, आणि याच्या शब्दावर राज्यकारभार कितीतरी जास्त लोकांना खुला झाला. मग त्याची पोरं घरोघर फिरून आरसे, पत्ते, गंगावनं, वाद्यं, चित्रं गोळा करायला लागली आणि चौकात त्यांची मोठी होळी झाली. इथपर्यंत मी आले आणि तू घड्याळ बघून उठलास, ट्रेन होती तुझी. दारात बूट घालताना म्हणालास, "ताई, असा एक माणूस आपल्या मराठी मंडळात पाहिजे बघ." मी हसले होते.

पुढचं सगळं तू केलंस, आणि सुरुवात किती छान केलीस! दिलीपदादांनी बारा वर्षं मंडळ घरच्यासारखं चालवलं. पुढच्या खुर्च्या त्यांच्या पाहुण्यांना, आरतीचा मान त्यांच्या ओळखीच्यांना. तू सभेत उभा राहिलास आणि म्हणालास की देवासमोर रांग एकच असते. काय टाळ्या पडल्या रे! मी सगळ्यात जोरात वाजवल्या. तू अध्यक्ष झालास, विद्यार्थ्यांना मत मिळालं, कालपरवा आलेल्या पोरांना आरतीचं ताट मिळालं. खरं सांगते, मला तुझा फार अभिमान वाटला होता.

मग नाच बंद झाले. मग नाटुकली बंद. मग ऑगस्टमध्ये ती त्यागफेरी. पांढरे कुडते घातलेली मुलं दारोदार, "देखावा द्या, मन मोकळं करा" म्हणत. आमच्या शेजारणीला वाटलं नोव्हेंबरात संत मार्टिनच्या सणाला खाऊ मागत फिरणारी कंदीलवाली मुलं यंदा ऑगस्टमध्येच आली, तिनं बिचारीनं सगळ्यांना चॉकलेटं वाटली. आपण पोट धरून हसलो होतो, आठवतं? होळी करायची तर इथे परवानगी लागते, म्हणून तू सगळं सामान गाडीत भरून खेमेंटेच्या, म्हणजे इथल्या नगरपालिकेच्या, कचरा केंद्रावर नेलंस आणि मुलांकडून एकेक वस्तू कंटेनरमध्ये टाकवलीस. मी म्हटलं, चला, आमचा सावोनारोला निदान नियम पाळणारा आहे.

गणपतीत मात्र मला हसू आलं नाही. मीनलच्या लेकीनं स्टेजवर माईक हातात घेऊन सांगितलं की माझी आई खोटं बोलते, तिनं नथ लपवून ठेवली, दिली नाही. नऊ वर्षांची पोर ती. मीनल समोर बसली होती, तिचा चेहरा मी पाहिला. आणि तू त्या पोरीच्या पाठीवर शाबासकी दिलीस. यतीन, तू तिथेच हरलास. मंडळातल्या सगळ्या आया त्या क्षणी तुझ्या हातून सुटल्या.

हे सगळं तुला माहीत आहे. मी लांबण लावतेय, कारण पुढचं लिहायला हात धजत नाही.

आईचं गंगावन माझ्या कपाटात होतं. बँकेच्या नाटकात ती लावायची ते, लांब, टोकाला चांदीचे गोंडे असलेलं. ती आरशासमोर बसायची आणि तू तोंडात पिना धरून मागे उभा राहायचास, एकेक काढून द्यायचास. मला कधी हात लावू द्यायचा नाहीस. गेल्या महिन्यात मी ते शोधलं तर नाही. घर पालथं घातलं. शेवटी संहिता म्हणाली, "आय गेव्ह इट, आई. मामा सेड इट्स जस्ट शो." तिला रागावणार काय, मामा म्हणजे तिचा देव. मला वाटलं, गठ्ठ्यात गेलं असेल, तुझ्या नजरेला पडलंच नसेल. तसं विचारलं तिला. ती म्हणाली, नाही, मामानं हातात घेतलं. नाकाशी धरलं. मग स्वतःच टाकलं.

तू ओळखलंस. ओळखून टाकलंस. मी आठवडाभर रडले रे. वस्तूसाठी नाही. ते टाकताना तुला आतून काय झालं असेल, आणि ते तू कुणालाच सांगितलं नसशील, या विचारानं जास्त. आई गेली तेव्हाही तू रडला नव्हतास.

परवा दिलीपदादांचा फोन आला. रविवारच्या सभेत दोन ठराव आहेत, हे तुलाही कळलं असेल. एक, तुला अध्यक्षपदावरून काढायचं. दुसरा, तुझं नाव मंडळातूनच कायमचं कमी करायचं, यापुढे गणपतीलासुद्धा यायचं नाही. ते म्हणाले, "मृदुलाताई, तुम्ही सख्ख्या बहीण. आईच्या त्या गंगावनाचं तुम्ही उभं राहून सांगितलंत ना, तर सभा एका मिनिटात संपेल." श्रीहर्षकडून त्यांना कळलं होतं. मी हो म्हणाले. ताडकन म्हणाले. आणि फोन ठेवल्यावर मला बरं वाटलं, यतीन. छातीत गार वाटलं. हेच मला तुझ्यापासून लपवायचं होतं.

आता उरलेली गोष्ट ऐक. पोपनं सावोनारोलाला धर्मबहिष्कृत केलं. लोक उलटले, जमाव मठावर चालून गेला. ज्या चौकात त्यानं होळी केली होती, त्याच चौकात त्याला फाशी देऊन जाळलं. राख नदीत टाकली. पोरं त्या देहावर दगड मारत होती, अशी नोंद आहे. काल याच्या शब्दावर रडणारे आज बघायला जमले. त्याच्याबरोबर दोन साथीदार मेले, पण ते त्याच्याच बाजूचे. नंतरही त्याला संत मानणारे राहिले, सैतान म्हणणारे राहिले. मी इतकी वर्षं कागद चाळले. "तू चुकलास" असं त्याच्या तोंडावर सांगून त्याच्या शेजारी उभं राहिलेलं माणूस मला तरी सापडलं नाही.

म्हणून आज सकाळी दिलीपदादांना फोन करून सांगितलं की मी गंगावनाबद्दल चकार शब्द काढणार नाही. ते आपल्या घरातलं आहे. ते चिडले. चिडू देत.

पहिल्या ठरावाला मी हात वर करणार आहे. तू अध्यक्ष राहू नयेस असं मला मनापासून वाटतं आणि सगळ्यांसमोर मी ते म्हणणार आहे. तुला मिरच्या झोंबतील, झोंबू देत. दुसऱ्या ठरावाला माझा हात खाली राहील, मग सभागृहात मी एकटी असले तरी चालेल.

तू घरात दडून बसू नकोस. ये. मीनलची आणि तिच्या लेकीची माफी माग, सभेत माग, कोपऱ्यात नेऊन नको. संहितालाही घेऊन येणार आहे. मामा चुकू शकतो आणि तरी मामाच राहतो, हे तिला बघू दे.

सभा संपली की आमच्याबरोबर युट्रेख्टला चल. गुरुवारी भाऊबीज आहे, तोवर राहा. ओवाळताना बोलू नकोस काही, पण आईसाठी एकदा माझ्यासमोर रड. मीही रडेन.

रविवारी मी लवकर जाऊन पुढच्या रांगेत तीन खुर्च्या धरणार आहे. लोक काय म्हणायचं ते म्हणोत. माझा हात वर जाईल तेव्हा मी तुझ्या शेजारी बसलेली असेन.

तुझ्या विरुद्ध मत देणारी,
तुझीच
ताई