उजवा अर्धा भाग

३ फेब्रुवारी
नाव या वहीच्या पहिल्या पानावरील छापील चौकटीत आहेच. वय चोपन्न. वाणिज्य शाखेचा पदवीधर, द्वितीय श्रेणी, परंतु वरची. एका कंपनीच्या खरेदी विभागात वरिष्ठ सहायक. सदर रोजनिशी कार्यालयीन कीबोर्डच्या दोषांची पद्धतशीर नोंद राहावी, एवढ्याच हेतूने सुरू करीत आहे. तीत भावनांना स्थान नाही.
घटना: कचऱ्याच्या चार टोपल्यांची ऑर्डर दिली होती. आज चव्वेचाळीस आल्या. कळ एकदा दाबली असता अंक दोनदा उमटतो, हे उघड आहे. टोपल्या पॅसेजमध्ये छतापर्यंत रचल्या आहेत. आमच्या कॅशियरला सगळे ‘तिजोरी’ म्हणतात. तो म्हणाला, “एवढा कचरा करायला माणसं भरती करावी लागतील.” सगळे हसले. मी हसलो नाही.

५ फेब्रुवारी
कॉम्प्युटर दुरुस्तीवाला आला. त्याने कीबोर्ड उलटा करून झटकला. बराच बिस्किटांचा चुरा पडला. तो माझ्या आधी या जागेवर बसणाऱ्याचा असावा. (मी या जागेवर एकोणीस वर्षे आहे. चुरा टिकाऊ असतो.) सर्व कळा तपासून तो म्हणाला, “कीबोर्ड ठणठणीत आहे, काका.” ‘काका’ या संबोधनाची गरज नव्हती.
साहेबांनी बोलावले. असा प्रसंग पुन्हा आला तर खरेदीचे टेबल दुसऱ्याकडे जाईल आणि मला गोदामाच्या फाटकावर गाड्यांची नोंद करावी लागेल, असे म्हणाले. प्रसंग कीबोर्डने आणला. फाटकावर मी का, हे विचारायचे राहिले.
संकल्प: स्वखर्चाने उत्तम कीबोर्ड घेणे.

८ फेब्रुवारी, रविवार
मुलीला घेऊन दुकानात गेलो. ती घरून नोकरी करते आणि संध्याकाळी कानाला हेडफोन लावून अनोळखी लोकांना गोळ्या घालते. एरवी स्वभावाने मऊ. विक्रेत्याने समजावले, की मेकॅनिकल कीबोर्डच्या लाल कळा हलक्या, गेम खेळणाऱ्यांसाठी, निळ्या जड आणि आवाज करणाऱ्या, तपकिरी मधल्या. मी निळ्या निवडल्या. कळ दाबली गेली याचा कानाला पुरावा मिळतो. मुलगी म्हणाली, “बाबा, ऑफिसात मार खाल.” दुर्लक्ष केले.

११ फेब्रुवारी
कीबोर्डमधून सप्तरंगी दिवे लागतात. बंद कसे करायचे ते सापडले नाही. सकाळी अकरा वाजता तिजोरी खिडकीतून बाहेर डोकावून म्हणाला, “ऊन तर आहे. गारा कुठे पडतायत?” लेखा विभागाची तक्रार आली. पाच खुर्च्यांच्या पंचावन्न झाल्या होत्या, परंतु ऑर्डर जाण्यापूर्वी लक्षात आले. निळ्या कळा अतिसंवेदनशील आहेत.

१५ फेब्रुवारी, रविवार
मुलीने तिच्या कॉम्प्युटरवर चाचणी घेतली. खेळ सोपा: डाव्या हाताने शिपायाला चालवायचे, उजव्या हाताने दरीवरून उडी मारायला लावायची. माझा शिपाई उत्तम चालला. मात्र दरीवर आला की दोनदा उडी मारी आणि पलीकडच्या कड्यावरून खाली जाई. “अहो बाबा, एकदाच! एकदाच दाबा!” असे ओरडत ती पोट धरून हसली. मग हसणे थांबले. म्हणाली, “उजवा हात नुसता टेबलावर ठेवा. काही करू नका.” ठेवला. ती पाहत राहिली. कॉम्प्युटरच्या पंख्याची कंपने टेबलातून हातापर्यंत येतात, हे तिच्या निदर्शनास आणून दिले.

१८ फेब्रुवारी
सौ. म्हणाली, “हल्ली तुमची कपबशी वाजते.” बशीचा तळ सपाट नाही. नंतर ही वही टेबलावर उघडी पाहून म्हणाली, “अक्षर केवढं बारीक झालंय हो, मुंगीनंसुद्धा चष्मा लावावा.” कागदाची बचत, असे सांगितले. त्यावर हळूच म्हणाली, “मामंजींचं असंच सुरू झालं होतं.”
माझ्या वडिलांनी हयातीत कीबोर्डला हात लावला नव्हता, हे मी तिला स्पष्ट सांगितले. ती स्वयंपाकघरात गेली. नळ बराच वेळ उगाच वाहत होता. पाण्याची नासाडी.

२२ फेब्रुवारी, रविवार
शोध लागला! आजवर चुकलेली प्रत्येक कळ उजव्या बाजूची आहे (अंकही मी उजवीकडच्या अंकपट्टीवरूनच दाबतो). जुना कीबोर्ड असो वा नवा, डाव्या बाजूची एकही नाही. अर्थ स्पष्ट आहे: सगळ्या कंपन्या उजव्या अर्ध्या भागात काटकसर करतात. ग्राहक डावीकडून तपासायला सुरुवात करतो आणि निम्म्यात कंटाळतो.
दोन स्वतंत्र अर्ध्या भागांचा, मध्ये वायर असलेला कीबोर्ड घेतला. उजवा भाग तेवढा वरच्या दर्जाचा मिळेल का, असे विचारले. विक्रेत्याने माझ्याकडे न पाहता मुलीकडे पाहिले. या धंद्यात ज्ञान कमी झाले आहे.

२४ फेब्रुवारी
मुलीने दोन्ही भागांची अदलाबदल केली. उजवा भाग माझ्या डाव्या हाताखाली ठेवला आणि टाइप करायला सांगितले. संथ, पण एकही चूक नाही. मग डावा भाग उजव्या हाताखाली. अक्षरे जोडीने आली.
“आता काय म्हणाल, बाबा?” असे तिने विचारले. म्हणालो, दोष वायरमधून पलीकडे गेला. यावर वाद होईल असे वाटले होते. ती वायर तपासायला म्हणून टेबलाखाली बसली आणि लवकर वर आली नाही. वायर सैल नव्हती.

२७ फेब्रुवारी
पाण्याची आठ पिंपे मागवली होती. अठ्ठ्याऐंशी आली. पार्किंगमध्ये उभी आहेत. साहेबांना गाडी बाहेर लावावी लागली.
तिजोरी काहीच बोलला नाही. दिवसभर वाट पाहिली, एक टोमणा नाही. तीन वाजता स्वतः माझ्यासाठी चहा घेऊन आला. कप अर्धाच भरलेला. मी म्हणालो, कंपनी आता चहातही काटकसर करते काय? तो म्हणाला, “नाही हो. सांडायला नको म्हणून.”
चहा गार होऊ दिला.

२ मार्च
केवळ घरच्यांच्या समाधानासाठी डॉक्टरांकडे गेलो. त्यांनी अंगठा आणि तर्जनी एकमेकांवर भरभर टेकवायला लावली. व्हरांड्यात चालवले. कागदावर डासांच्या कॉइलसारखे वेटोळे काढायला सांगितले. माझे वेटोळे फार लहान आणि दातेरी आले. पेन औषध कंपनीचे, फुकटातले. नंतर ते सौ. आणि मुलीकडे बघत बराच वेळ बोलले. आजाराचे नावही सांगितले. ते येथे लिहीत नाही. ही रोजनिशी कीबोर्डविषयी आहे.
औषधाने काही वर्षे बरी जातील, असे म्हणाले. कोणाची, ते विचारले नाही.

५ मार्च
बदलीचे पत्र मिळाले. सोमवारपासून फाटक. संमतीची सही करून उद्या परत द्यायचे आहे.
संध्याकाळी मुलीने तिच्या कॉम्प्युटरमध्ये एक सेटिंग चालू केले. कळ लागोपाठ दोनदा दाबली गेली, तर दुसऱ्या वेळेकडे कॉम्प्युटर दुर्लक्ष करतो. पानभर टाइप केले. अक्षरे एकेकटी, शिस्तीत. म्हणजे दोष मुळात कीबोर्डचाच होता, असे मी म्हणालो.
“हो, बाबा,” ती म्हणाली.
महिनाभरात प्रथमच ती माझ्याशी सहमत झाली. आनंद व्हायला हवा होता.
मग पत्रावर सही करायला घेतली. कागद सारखा सरकत होता, म्हणून तशी तक्रार केली. सौ.ने खिडकी लावली, पंखा बंद केला. मुलीने समोर बसून दोन्ही तळव्यांनी कागद टेबलावर घट्ट दाबून धरला.
कागद हलत नव्हता.

सही:
स्थळ: घर, जेवणाचे टेबल
दिनांक: ५ मार्च
(सहीची जागा तूर्त कोरी ठेवली आहे.)