साडेपाच ते सात

६ जानेवारी, सोमवार

आजही माय झोपलेलीच. सलग सहावा दिवस. कॉलेजचं ग्रंथालय पाचला बंद करून ऑटोनं गेले, साडेपाचला पोचले, सातपर्यंत बसले. तिनं डोळे उघडले नाहीत. कपाळावर हात ठेवला तर पापणी जरा हलली, तेवढंच.

सिंधु सिस्टर म्हणाली, "आत्ताच डोळा लागला, ताई." रोज हेच म्हणते. रोज आत्ताच कसा लागतो?

मायला सव्वीस डिसेंबरला इथं आणलं. मोठ्या दवाखान्यात सांगितलं होतं, गर्भाशयाचा आजार कमरेच्या हाडात उतरलाय, आता उपचार नाहीत, दुखणं तेवढं सांभाळा. घरी आठ दिवस सांभाळलं. शेजारचे ऐकू नये म्हणून ती पदर तोंडात धरायची. मग कुणीतरी या सेंटरचं सांगितलं — नदीपलीकडे, अकरा खाटा, बरं न होणारी माणसंच इथं ठेवतात. मी एकदा बघितलं अन् आणलं. नीट बघितलं का? बालाजी हैदराबादहून हेच विचारतो.

"अक्का, तू घाई केली. मी लिस्ट पाठवतो, एकेक बघ अन् मला सांग."

भाऊ माझ्याहून नऊ वर्षांनी लहान. मायला शेवटचं भेटला तो पोळ्याला.

७ जानेवारी, मंगळवार

बालाजीची लिस्ट आली. चौदा प्रश्न. इथं लिहून ठेवते.

चादरी स्वच्छ का — हो. वास येतो का — नाही, फिनेलचा सोडून. बेल आहे का — नाही. पण सिस्टरची खुर्ची खाटांच्या मधोमधच आहे, हाक ऐकू जाते. जेवण — मऊ भात, वरण, मागितलं तर भाकरी कुस्करून. पाठीला जखमा — नाहीत, मी स्वतः बघितलं. दर दोन तासांनी कूस बदलतात. नातेवाईकांशी नीट बोलतात का — बोलतात.

प्रश्न नववा: पेशंट जागा असतो का, घरच्यांशी बोलतो का?

हा कोरा ठेवला.

९ जानेवारी, गुरुवार

आज सेंटरच्या अंबिका डॉक्टरांना गाठलं. लहानखुऱ्या बाई आहेत, आवाज मोठा. मी सरळ विचारलं, "तुम्ही मायला झोपेचं औषध देता का?"

त्या रागावल्या नाहीत. म्हणाल्या, दुखण्याचं औषध आहे, मॉर्फिन. सुरुवातीला चार-दोन दिवस गुंगी येते, मग अंगवळणी पडतं. "तुमच्या आईचा डोस लहान आहे. एव्हाना एवढी झोप यायला नको. मी बघते."

म्हणजे त्यांनाही माहीत नाही?

त्यांनी कागद दाखवला. ठरलेल्या वेळच्या गोळ्या, अन् खाली वेगळी ओळ — दुखणं वाढलं तर जादा गोळी. त्या ओळीत रोज संध्याकाळी एक नोंद. ७.१०. ७.०५. ७.२०. ७.१०. बाकी दिवसभर काही नाही.

मी सातला निघते.

बाहेर आले अन् सिंधुला विचारलं, जादा गोळी मी गेल्यावरच का देता? ती कपाट लावत होती, वळली नाही. "त्या वेळेला लागते त्यांना, ताई."

"त्याच वेळेला का?"

"लागते."

माझ्यासमोर द्यायला काय होतं? काही लपवायचं असल्याशिवाय माणूस पाठीमागं करत नाही. पण मग कागदावर खरी वेळ कशाला लिहितात? डोकं चालत नाही माझं.

११ जानेवारी, शनिवार

सकाळच्या बसनं लातूरला गेले. बालाजीच्या साहेबांनी सांगितलेलं ठिकाण. मोठी इमारत, पुढं हिरवळ, प्रत्येक खोलीत टीव्ही. दयानंद नावाचे व्यवस्थापक, इस्त्रीचा शर्ट, बोलणं मधाळ. "आमच्याकडं पेशंट झोपून नसतात, मॅडम. आम्ही त्यांना ॲक्टिव्ह ठेवतो."

खरंच, हॉलमध्ये आठ म्हाताऱ्या-म्हातारे ओळीनं खुर्च्यांवर बसवलेले. केस विंचरलेले, पावडर लावलेली. मला बरं वाटलं. मग त्यातल्या एका बाईनं माझा हात धरला. "कुण्या गावची गं?" मी म्हणलं, हदगावकडची. तिनं हात काही सोडला नाही. बराच वेळ. तिची मूठ गच्च होती, थरथरत होती. थंडीनं असेल.

मी विचारलं, जास्त दुखायला लागलं तर?

"डॉक्टर फोनवर असतात."

"अन् मॉर्फिन?"

"ते आपण शक्यतो टाळतो."

हे चांगलं की वाईट? परतीच्या बसमध्ये लोहा गाव येईपर्यंत हाच विचार केला. बालाजीला फोनवर सांगितलं तर तो खूष. "बघ, म्हणलं न्हवतं? तिथं झोपवून ठेवत न्हाईत." बावीस तारखेला खाट मिळते. त्यानं हो सांगून टाकलं.

मी ना हो म्हणले ना नाही.

१३ जानेवारी, सोमवार

भोगी. अर्धी रजा टाकली. मिसळीची भाजी केली, बाजरीची भाकरी तीळ लावून, अन् दुपारी एकलाच सेंटरवर गेले. न सांगता.

दारातच मायचा आवाज ऐकला. दोन आठवड्यांनी.

ती उशांना टेकून बसली होती. सिंधुला कापूस वेचायचा सांगत होती. "एका हातानं न्हाई गं, दोन्ही हात चालले पायजे. माझ्या पाठीमागं बोंड राहत नसे. व्यंकट पाटलाच्या सुना मला बघून रडायच्या." सिंधु हसत होती. माय हसत होती! तिचे पुढचे दोन दात नाहीत, ते मी विसरूनच गेले होते.

मग तिनं मला बघितलं.

गप्प झाली. "तू आता कशी? सुट्टी हाय का?"

मी डबा उघडला. दोन घास खाल्ले. चांगली झालीय म्हणाली. मी ग्रंथालयातलं सांगत बसले, पोरं पुस्तकं कशी फाडतात ते. ती माझ्या तोंडाकडं बघत होती, ऐकत नव्हती. दहाएक मिनिटं गेली असतील. "मला झोप येऊन राहिली," म्हणाली, भिंतीकडं तोंड केलं अन् डोळे मिटले.

सिंधु माझ्याकडं न बघता बाहेर गेली.

मी डबा धुऊन परत आले. काय समजायचं? त्या पोरीपुढं जागी अन् माझ्यापुढं झोप? माझ्यावर राग आहे का, इथं आणून टाकलं म्हणून? तसं असेल तर बोलून का दाखवत नाही? आमच्या मायनं आयुष्यात कुणाला सोडलं नाही बोलायचं. वडलांनाही नाही. अन् आल्यापासून एकदाही "घरी ने" म्हणाली नाही. ते तर अजूनच कळत नाही.

१४ जानेवारी, मंगळवार

संक्रांत. तिळगूळ उशाशी ठेवून आले. झोपलेली.

१६ जानेवारी, गुरुवार

आज जे केलं ते बरोबर केलं का, देव जाणे.

सव्वासहाला सिंधु माझ्याजवळ आली, हळूच म्हणाली, "ताई, राग मानू नका. रोज येत जा, पण जरा कमी वेळ बसत जा. अर्धा तास खूप झाला."

माझ्या अंगाचा तिळपापड झाला. माझ्या मायजवळ मी किती बसायचं हे ही ठरवणार? मी नसले की हिला मोकळं रान. जादा गोळी द्यायची, गप्प पाडायचं अन् आपण खुर्चीत बसायचं. तिथंच टेबलावर बसून अर्ज लिहिला. सिस्टर सिंधु माझ्या आईला माझ्या माघारी औषध देतात, मला थांबू देत नाहीत, विचारलं तर उत्तर देत नाहीत. खाली सही, तारीख.

अंबिका डॉक्टरांनी दोनदा वाचला. सिंधुला बोलावलं. "काही सांगायचंय?" ती म्हणाली, "न्हाई मॅडम." बस.  तिला पुरुषांच्या खोलीत पाठवलं. जाताना मायच्या पायावरची गोधडी नीट केली तिनं.

बालाजी म्हणाला, "शाब्बास अक्का."

१८ जानेवारी, शनिवार

नवी सिस्टर चांगली आहे. तरुण, चटपटीत. पण मायचं काहीतरी बिघडलंय.

साडेपाच ते सात झोपलेलीच, पण कपाळ घामानं ओलं. जानेवारीत घाम? चादर मुठीत धरलेली. नवी सिस्टर म्हणाली, "झोपेत होतं असं." ओठ एकमेकांवर असे दाबलेले, की झोपलेल्या माणसाचे नसतात.

कागद बघितला. जादा गोळीची वेळ — परवा ८.४०. काल ९.१५.

निघायला उठले तेव्हा तिनं डोळे न उघडता विचारलं, "सिंधी कुठं गेली?"

"दुसऱ्या खोलीत. ड्युटी बदलली."

"का?"

"बदलतात माय. असंच."

मी मायशी खोटं बोलले.  पाच दिवसांत ती एवढंच बोलली, अन् तेही सिंधुबद्दल.

२० जानेवारी, सोमवार

सकाळीच अंबिका डॉक्टरांकडं गेले. सिंधुला परत मायजवळ ठेवा म्हणाले.

"तुम्हीच तर लिहून दिलं."

"हाव. पण मला काही कळून न्हाई राहिलं, मॅडम."

त्यांनी भिंतीवरच्या कॅलेंडरकडं बघितलं. "परवा तर तुम्ही लातूरला नेताय ना?"

"हाव."

"दोन दिवसांसाठी?"

"दोन दिवस तर दोन दिवस."

सिंधु पुरुषांच्या खोलीत एका आजोबांची नखं काढत होती. मी बाजूला उभी राहिले.  शेवटी म्हणाले, "चुकलं माझं. लेखी द्यायला नको होतं."

तिनं नख काढणं थांबवलं नाही. "तुमच्या जागी मी असते तर मीबी दिलं असतं, ताई."

"मग एक खरं सांग. तू तिला झोपेचं काही देते का?"

"न्हाई."

"मग ती माझ्यापुढंच का झोपते?"

आता तिनं मान वर केली. डोळ्यांत पाणी होतं की काय, मला नीट दिसलं नाही. "ते मला सांगता येत न्हाई. मी शब्द देऊन बसले."

"कुणाला?"

तिनं नखं कागदात गोळा केली अन् उठली.

मालक, ट्रस्टी, डॉक्टर — कुणाला शब्द दिला असेल? लातूरचा फॉर्म भरून पिशवीत ठेवलाय. ॲम्ब्युलन्स बुधवारी सकाळी नऊला. बालाजीचा फोन, "आता मागं फिरू नको." फिरत नाहीये. पण नवव्या प्रश्नाचं उत्तर अजून नाही माझ्याकडं.

२१ जानेवारी, मंगळवार

सातला निघाले. फाटकापाशी ध्यानात आलं, चष्मा स्टुलावर राहिला. परत गेले. चपला बाहेर काढल्या, अनवाणी आत. माय भिंतीकडं तोंड करून तशीच. चष्मा घेतला अन् तिच्या पायावरची गोधडी सरकली होती ती सारखी केली.

"सिंधे," डोळे मिटूनच म्हणाली, "गेली का गं माझी राजी?"

मी फक्त "हं" म्हणाले.

"बरं झालं. उठव मला. लई दुखून राहिलं बाई. सात वाजूस्तोवर दम धरला. तिच्यापुढं कण्हलं की तिचं तोंड बघवत न्हाई मला."

मागं पाऊल वाजलं. सिंधु उभी होती, एका हातात गोळी, एका हातात पाण्याचं भांडं. मी हात पुढं केला. तिनं दोन्ही माझ्या हातात दिलं.

मी मायला उठवून बसवलं. मिटल्या डोळ्यांनीच तिनं गोळी गिळली.

बुधवारची ॲम्ब्युलन्स नको म्हणून सांगितलं. उद्यापासून अर्धाच तास बसायचं, म्हणजे गोळी सहालाच मिळेल.