रिकाम्या सभागृहातली टिचकी

नाशिक,
सोमवार, १० ऑक्टोबर १९९४

चि. राकेश यास विमलआत्याचे अ. उ. आ.

काल रविवारी, ९ तारखेला, संध्याकाळी पाच वाजून चाळीस मिनिटांनी तुमच्या संगीत सभेचा शिपाई सावळीराम माझ्या दारात उभा राहिला आणि एक छापील चिठ्ठी देऊन गेला. त्याने नाकातोंडाला रुमाल बांधला होता, त्यामुळे आधी मी त्याला ओळखलंच नाही. चिठ्ठी वाचल्यावर कळलं की रुमाल मीच बांधायला हवा होता, निदान माझ्या तोंडून जे निघालं ते त्या बिचाऱ्याला ऐकावं लागलं नसतं.

चिठ्ठी ‘प्रिय रसिक’ अशी सुरू होते. मी तुझ्या बापाची सख्खी बहीण आहे. तू शेंबडा असताना तुला कडेवर घेऊन मी याच सभेच्या मैफलींना बसले आहे. पुढे म्हटलंय की सुरतेच्या प्लेगच्या साथीमुळे गर्दी टाळावी म्हणून दसऱ्याची मैफल ‘श्रोत्यांच्या हितासाठी श्रोत्यांविना’ होईल. हे वाक्य कोणी लिहिलं? तूच असणार, सेक्रेटरी झाल्यापासून तुला अशी वाक्यं सुचायला लागली आहेत.

हे सगळं फोनवरही बोलले असते. पण फोनवर तू ‘हो आत्या, बघतो आत्या’ म्हणतोस आणि काहीही बघत नाहीस. टेलिफोन एक्स्चेंजमध्ये सगळी नोकरी काढल्यावर फोनवरच्या शब्दाला काय किंमत असते ते मला चांगलं ठाऊक आहे. जे म्हणायचं ते कागदावर म्हणा आणि खाली सही करा, असं आमच्या शाळेतल्या नन्स शिकवायच्या.

प्रश्न माझ्या खुर्चीचा नाही. म्हणजे आहेच, पण तो नंतर. प्रश्न अक्काचा आहे. ही दसऱ्याची प्रथा तिनंच, तुझ्या सुमनआत्यानं घातली. खंडेनवमीला तंबोरे, तबले, पेटी पूजेत मांडायचे, दिवसभर कोणी हात लावायचा नाही आणि दसऱ्याला सकाळी पूजेतून उचलून पहिला सूर तिनं लावायचा. गेल्या हिवाळ्यात तिला अर्धांगाचा झटका आला. उजवी बाजू गेली, वाचा गेली. या वर्षी तिच्या जागी तुझी स्नेहल बसते आहे. अक्काने पोरीला याआधी दोन दसरे ‘अजून नाही’ म्हणून मागे ठेवलं होतं, हे तू विसरला असशील, पोरगी विसरलेली नाही. आता अक्काला ‘हो’ही म्हणता येत नाही. समोर बसून ऐकलं तर तिच्या चेहऱ्यावरून तरी काही कळेल, एवढ्यासाठी दिनेश त्याच्या आईला मनमाडहून जीपने घेऊन येणार होता.

तेव्हा आम्हा दोघी बहिणींना आत घेणार की नाही, ते वाद्यं पूजेत मांडायच्या आधी, म्हणजे बुधवारी संध्याकाळी सहाच्या आत लेखी कळव.

तुझी,
विमलआत्या

---

नाशिक,
मंगळवार, ११ ऑक्टोबर १९९४

ती. विमलआत्यास राकेशचा सा. न. वि. वि.

तुझं पत्र पोचलं. सावळीराम म्हणतो, यापुढे तुझ्या घरी चिठ्ठी द्यायची असेल तर दुसरा शिपाई नेमा.

‘प्रिय रसिक’बद्दल माफी मागतो. चिठ्ठ्या सरसकट छापल्या, त्यात तुझं नाव वगळायचं राहिलं. ते वाक्य मात्र माझं नाही, अध्यक्षांचं आहे. मी फक्त त्याचं शुद्धलेखन तपासलं.

आत्या, तू रागावणार हे मला माहीत होतं, तरी ऐकून घे. सभागृहाच्या मालकांनी स्पष्ट सांगितलंय की गाणारे-वाजवणारे, एक शिपाई आणि मी, याशिवाय कोणी आत दिसलं तर कुलूप लावू. मैफलच रद्द करा, असं समितीतल्या निम्म्या लोकांचं म्हणणं होतं. मी म्हटलं, वाद्यं पूजेत मांडली की दसऱ्याला उचलावीच लागतात, ऐकायला कोणी असो वा नसो. सुमनआत्याला बोलता आलं असतं तर तीही हेच म्हणाली असती. तेवढ्यावर परवानगी मिळाली. आता मी माझ्याच दोन आत्यांना मागच्या दाराने आत घेतलं, तर बाकीच्यांना काय तोंड दाखवू? आणि तू मागच्या दाराने येणारी आहेस का? तू पुढच्याच दाराने येशील, तेही छत्री आपटत.

दुसरं म्हणजे, मी डॉक्टरांना विचारलं. ते म्हणाले, अशा दिवसांत इतक्या अशक्त माणसाला चार माणसांतसुद्धा नेऊ नका, मैफल बाजूलाच राहिली. दिनेशही घाबरलेला आहे. टेट्रासायक्लिनच्या गोळ्यांसाठी मनमाडातली सगळी औषधाची दुकानं पालथी घातली त्याने.

स्नेहलचं विचारशील तर ती नीट जेवत नाही. रोज एकदा तरी विचारते, बाबा, बाईंनी खरंच हो म्हटलं असतं का? (सुमनआत्याकडे शिकताना लागलेली सवय, सख्ख्या आत्याआजीला अजून ‘बाई’च म्हणते.) बाप म्हणून हो म्हणतो, पण बापाच्या ‘हो’ला तिच्या लेखी काय किंमत, ते तुला ठाऊक आहे.

राग धर, पण लोभही धर.

तुझा,
राकेश

---

नाशिक,
बुधवार, १२ ऑक्टोबर १९९४

चि. राकेश यास अ. उ. आ.

उत्तर मुदतीत आलं, याची नोंद घेतली आहे. अक्काला हलवू नये हे तुझं बरोबर आहे. तू डॉक्टरांना विचारलंस, मला सुचलं नव्हतं, त्याबद्दल आभार. बाकी तक्रार कायम.

आता मी सांगते तसं करायचं. सभागृहाच्या ऑफिसात काळा फोन आहे. त्याला लांब वायर जोडून घे आणि तो थेट व्यासपीठावर आण. दसऱ्याला सकाळी मैफल सुरू व्हायच्या आधी दिनेशच्या घरी फोन लाव आणि रिसीव्हर स्नेहलच्या पुढ्यात पाटावर ठेव. पेटीजवळ नाही, तबल्याजवळ नाही, पोरीच्या पुढ्यात. मी उद्याच्या गाडीने मनमाडला जाते आहे, इकडचं टोक मी सांभाळीन. शेवटपर्यंत कोणीही फोन खाली ठेवायचा नाही. मालकांच्या यादीत फोनला बंदी नसावी. असली तर तो मालक मला जोडून दे.

स्नेहलला सांग, कोण ऐकतंय याचा विचार करू नकोस, नेहमीसारखी गा. किंवा नकोच सांगू. उगाच घाबरेल.

तुझी,
विमलआत्या

---

नाशिक,
शनिवार, १५ ऑक्टोबर १९९४

ती. विमलआजीस स्नेहलचा शि. सा. न. वि. वि.

आजी, फोनवर कोण ऐकणार ते बाबांनी मला आधीच सांगितलं होतं. त्यांच्या पोटात काही राहत नाही.

सगळं सविस्तर लिहिते, कारण तू इथे नव्हतीस आणि तुझ्याशिवाय मैफल कशी झाली ते मलाच कोणाला तरी सांगायचं आहे. काल सकाळी पूजा झाली, चंदरकाकांनी तबला उचलला, मी तंबोरा उचलला. तंबोरा लावायला बसले तर रिकाम्या सभागृहात सूर असा घुमायला लागला की कुठला माझा आणि कुठला भिंतीचा, कळेना. बाबा पळत गेले आणि मंडपवाल्याकडून गाद्या-लोड आणून सगळ्या खुर्च्यांवर उभे केले. एवढे शांत श्रोते मी आजवर पाहिले नाहीत. पहिल्या रांगेत तुझ्या खुर्चीवर सगळ्यांत जाड लोड होता. हे मी म्हणत नाही, सावळीराम म्हणाला.

फोन लागला आणि बाबांनी घाईत रिसीव्हर डग्ग्याच्या शेजारी ठेवला. मी डोळे मिटून पहिला षड्ज लावते आहे, तोच रिसीव्हरमधून तुझा आवाज आला, की राकेश, नुसता डग्गा ऐकू येतोय, पोरगी कुठे गेली? चंदरकाकांचा हात थांबला. मला हसू आलं आणि खरं सांगते आजी, सगळी भीती त्या हसण्यातच निघून गेली. बाबांनी रिसीव्हर माझ्यापुढे ठेवला, मग तुझा आवाज बंद झाला.

तोडी गायले. पहिली काही आवर्तनं तर मी गाद्यांसाठीच गात होते. मग समेवर आले आणि फोनमधून ‘टक्’ असा आवाज आला. मला वाटलं, लाइनची खरखर असेल. पुढच्या समेवर पुन्हा टक्. बाई शिकवताना डाव्या हातातली अंगठी पेटीच्या लाकडावर समेला वाजवायच्या ना, अगदी तसाच, बारीक पण बरोब्बर. मी चंदरकाकांकडे पाहिलं. त्यांनाही कळलं होतं, त्यांनी मान खाली घातली. बाबा विंगेत पाठ फिरवून उभे राहिले.

भरलेल्या सभागृहात हा आवाज मला कधीच ऐकू आला नसता. खुर्च्या वाजल्या असत्या, कोणी खोकलं असतं, पहिल्या रांगेतून तू ‘वा’ म्हणाली असतीस. गर्दी नव्हती हे किती बरं झालं, असं मला त्या वेळी वाटलं. तू रागावू नकोस.

पण आजी, आता जे विचारायला हे पत्र लिहिते आहे ते विचारते. अंतऱ्यात मी वरच्या षड्जावर गेले. तिथे थांबले, जरा जास्तच थांबले, मग उतरत उतरत समेवर आले. त्या समेला टिचकी आली नाही. त्याच्या पुढच्या समेला आली, आणि मग शेवटपर्यंत येत राहिली, पण ती एक आली नाही. चंदरकाका म्हणतात, तू समेवरच होतीस, केसाइतकीही इकडेतिकडे नाहीस. बाबा म्हणतात, लाइनमध्ये काही झालं असेल. तुला माहीतच आहे, गाणं मनासारखं झालं नाही की बाई रागवायच्या नाहीत, नुसता हात उचलून मांडीवर ठेवायच्या. ती न वाजलेली टिचकी म्हणजेच त्यांचं ‘अजून नाही’ असायचं. कालपासून मी तेवढी एकच जागा पुन्हा पुन्हा गाऊन पाहते आहे.

तू तिथे होतीस. काय चुकलं ते मला खरं खरं कळव. गोड करून सांगू नकोस. तुला तसंही ते येत नाही.

तुझी,
स्नेहल

---

मनमाड,
मंगळवार, १८ ऑक्टोबर १९९४

चि. स्नेहल हीस विमलआजीचे अ. उ. आ.

तुझं पत्र आजच्या टपालात मिळालं. जाड लोडाबद्दल सावळीरामशी मी स्वतंत्रपणे बोलणार आहे.

आता खरं ते ऐक. तुझ्या गाण्यात काय चुकलं हे मी सांगू शकत नाही, कारण मी ते ऐकलंच नाही. रिसीव्हर एक आणि कान एकाचाच लागणार. राकेशला तो डग्ग्यापासून हलवायला लावला, तुझा आवाज येतोय एवढी खात्री करून घेतली आणि इकडचा रिसीव्हर अक्काच्या कानाला लावला. मग शेवटपर्यंत मी पलंगाशी स्टुलावर बसून तो धरून ठेवला होता. मला आत काहीतरी गुणगुणतंय एवढंच कळत होतं. इतक्या वर्षांत दसऱ्याची एकही मैफल मी चुकवलेली नाही. ही पहिली, आणि ती चुकवली फोन हातात धरून!

पण मी अक्काकडे बघत होते. तू षड्ज लावलास तेव्हा तिने डोळे मिटले. जरा वेळाने तिचा डावा हात वर आला आणि रिसीव्हरच्या बोलायच्या जाळीवर अंगठी वाजली. मी दचकले. मला वाटलं, तिला फोन नको झाला. तोंडासमोरून दूर करायला गेले, तर लहानपणी मी पेटीला हात लावल्यावर बघायची, अगदी तसं तिने माझ्याकडे पाहिलं. मग मला समजलं आणि मी हलले नाही.

दिनेश दारात उभा होता. झटका आल्यापासून तिने स्वतःहून केलेली ही पहिली गोष्ट, असं तो नंतर म्हणाला. पाणी हवं की नको, एवढंही ती कधी खुणेनं सांगत नव्हती.

आता तुझ्या टिचकीचं. मला सूर ऐकू येत नव्हते, पण जागा कळली, कारण त्याच वेळी अक्काचा श्वास थांबला. तू जितका वेळ वर थांबली असशील तितका वेळ तिचाही थांबला होता. मग हात वर आला, तो जाळीकडे गेलाच नाही. तिने माझं मनगट धरलं. इतकं घट्ट, की अंगठी रुतली. डोळ्यांतून पाणी वाहत होतं आणि ते पुसायला तिच्याकडे हात नव्हता. बाळ, तिचा एकच हात चालतो. त्या समेला तो माझ्या हातावर होता. मग तिनं हात सोडला आणि पुढची सम गाठली.

मनगटावर निळा डाग अजून आहे. मी त्याला काही लावलेलं नाही.

याला ‘हो’ म्हणायचं की आणखी काही, ते तूच ठरव. मी तिला विचारलं, अक्का, पोरीला पुढच्या दसऱ्याला बसू द्यायचं का? तिनं पलंगाच्या लाकडावर एकदा अंगठी वाजवली. माझ्या प्रश्नावर इतकं तत्पर उत्तर तिने वाचा असतानाही कधी दिलं नव्हतं.

आता राकेशला माझा निरोप दे. ९ तारखेच्या चिठ्ठीबद्दलची तक्रार मी मागे घेतलेली नाही. ‘प्रिय रसिक’ मी विसरणार नाही. पण ज्याने ऐनवेळी मैफल रद्द होऊ दिली नाही, त्या माणसाचे आभार मानल्याशिवाय पुढचं भांडण करता येत नाही, म्हणून मानते. त्या भित्र्या मालकाचेही. त्याने दार बंद केलं नसतं, तर पहिल्या रांगेतून माझी ‘वा’ आली असती आणि तिची टिचकी कोणाला कधीच कळली नसती.

पण एक गोष्ट उरतेच. तुमच्या मैफलीला श्रोता एकच होता, आणि तो मी नव्हते. हे मला मान्य नाही. दिवाळीला तू मनमाडला येशील, तंबोरा घेऊन, आणि या पलंगासमोर सतरंजीवर बसून तीच तोडी गाशील. श्रोते दोन असतील. दार उघडं राहील. अक्का समेला टिचकी देईल, आणि एखादी चुकली तर कुठे बघायचं ते आता तुला माहीत आहे. मी माझा हात तिच्या जवळच ठेवणार आहे.

लोभ तुमच्यावर आहे आणि राहील, त्याची विनंती करायची गरज नाही. कोणत्या दिवशी आणि कोणत्या गाडीने येतेस, ते मात्र येत्या शनिवारच्या, २२ तारखेच्या दुपारच्या टपालाच्या आत मला लेखी कळव. फोन केलास तर उचलणार नाही.

तुझी,
विमलआजी