सुमनची अबोली

१४ ऑक्टोबर
सुमन (यापुढे सु.) बाळंतपणाला माहेरी गेली. मेहुणा न्यायला आला होता. अबोलीची कुंडी माझ्यावर सोपवली. लग्नात तिच्या आईने कोरेगावहून बरोबर दिलेलं झाड. म्हणाली, "मला सारखे फोन करू नका, तिच्याकडे बघा."

२० ऑक्टोबर
सासूबाईंचा फोन. सु.चा खोकला तिकडे गेल्यावर थांबला. म्हणाल्या, "तुर्भ्याच्या त्या धुळीत झाड जगायचं नाही, तिथं तान्हं पोर कसं धाडायचं?" रागाने नाही, काळजीने म्हणाल्या. म्हणून जास्त लागलं.
झाड तर फुललंय.

२१ ऑक्टोबर
पानांवर ट्रकची धूळ. पावणे एमआयडीसीतून कामावरून आलो की सगळं झाड धुतो. पान न् पान.
अबोलीला वास नसतो हे मला लग्नानंतर कळलं. सु.ने वेणी हुंगायला दिली आणि हसत बसली. पण दुसऱ्या दिवशीही वेणी तशीच ताजी. मोगरा एवढा टिकत नाही.

८ नोव्हेंबर
तुरे वाळले, शेंगा धरल्या. धुताना टक् टक् आवाज. बारीक काहीतरी हातावर आपटतं. किडे असावेत. आणखी धुतलं.

२ डिसेंबर
मुलगी. दोघी बऱ्या आहेत. पुढे काय लिहू...

१४ डिसेंबर
बारशाहून आलो. गौरी. तिने माझं बोट धरलं, सोडेचना. बस चुकली. बरं झालं.

१० जानेवारी
अबोलीने मान टाकली. कुंडी उपसली. मुळं काळी, कुजलेली. धुण्याचं पाणी कुंडीतच साचत होतं. काळजी केली तीच नडली. फांद्या ओल्या वाळूत लावल्या, त्याही गळल्या. शेंगा बघितल्या, सगळ्या रिकाम्या.
सु.ला सांगितलं. म्हणाली, "आईला इतक्यात सांगू नका."

२४ जानेवारी
खाली राहणाऱ्या घरमालकीण हौसामावशी. इथल्या गावठाणातल्याच. सकाळी अंगणातून हाक:
"ए सातारकर! तुजी अबोली माज्या कोथमिरीन येऊन बसली हाय!"
आमच्या गॅलरीखाली त्यांचं कोथिंबिरीचं जुनं टोप. त्यात चिमुकली रोपं, पानं गर्द, चकचकीत. मी म्हणालो, इथपर्यंत कशी आली? त्या हसून हसून पायरीवर बसल्या.
"अरं, वाललेल्या शेंगंला पानी लागला का ती टचकन फुटतं, बी लांब उरतं. आनि तू रोज बंब सोरतंस वरशी!"
म्हणजे किडे नव्हते.

२५ जानेवारी
रोपं मागितली. "टोप माजा, तर रोपा पन माजी." मग दोन दिली, मुळाशी माती धरून. अट: पहिल्या फुलांची वेणी त्यांची. आणि पाणी बुडाशी, तेही माती सुकली तरच. कडक उन्हात ठेवायचं नाही.

१८ मार्च
एक रोप गेलं. दुसरं वीतभर झालं. धूळ दिसली की हात शिवशिवतात. मग ओल्या फडक्याने एकेक पान पुसतो. मावशी: "पोरीची टालू भरतंस का रं?"
सासूबाई म्हणतात, उन्हाळाभर राहू दे दोघींना. गौरी आता कुशीवर वळते म्हणे. व्हिडिओत बघितलं.

९ मे
तुरा आला! हिरवा, बारक्या कणसासारखा. फूल अजून नाही. सु.ला फोटो पाठवला.
संध्याकाळी फोन वाजला. सासूबाई.
"जावईबापू, हे मी दिलेलं झाड दिसत नाही."
मी म्हणालो, "नाही. ते माझ्या हातून मेलं. ही त्याची लेक."
"रोप कुठनं आणलं?"
"आणलं नाही. इथंच उगवली. खाली, अंगणात."
"त्या धुळीत?"
"हो."
मागे गौरी रडत होती, सु. तिला काहीतरी गुणगुणत होती. सासूबाई म्हणाल्या, "फूल येऊ दे. मग बघू."

१० मे
मावशींना विचारलं, पाळण्यासाठी छताला कडी लावू का.
"लाव. पन मजबूत लाव."
लावली. दोन्ही हातांनी लोंबकळून बघितलं.