अनोळखी मालक

१२ मे २००७, शनि.
समीरच्या कॉम्प्युटरची डिस्क कुरकुरायला लागली. सीबीएस स्टँडजवळच्या कॉम्प्युटरच्या दुकानातले भामरे (नामपूरचे, तोंडाला कुलूप नाही) म्हणाले, हिचा आता भरवसा नाही, सगळं नव्या डिस्कवर हलवा. सगळं म्हणजे माझ्या भावाचे फोटो, गाणी आणि तो क्रिकेटचा गेम.
फोटोंचं बाबांनी काही विचारलं नाही. म्हणाले, "आमची टेस्ट आहे ना त्यात अजून?"
समीर गेला त्याच्या आदल्या रविवारी दोघं खेळत बसलेले. बाबांची बोलिंग, त्याची बॅटिंग. लोडशेडिंगची वेळ झाली म्हणून घाईघाईत सेव्ह केली. ती तशीच राहिली.

१३ मे, रवि.
नव्या डिस्कवर विंडोज टाकून घेतलं, गेम हलवला. सुरू झाला! पण सेव्ह केलेल्या मॅचेसचं फोल्डर हट्टाला पेटलंय. हात लावला की 'ॲक्सेस डिनाइड'. मेल्याने माझ्यापासून लपवायला प्रायव्हेट करून ठेवलेलं.
मेल्याने. लिहून गेले. खोडत नाही.

१४ मे, सोम.
डोकं लढवलं. नव्या विंडोजमध्ये त्याच्याच नावाचं खातं उघडलं, स्पेलिंग तेच, पासवर्डही त्याचाच. कॉम्प्युटर चालू केला तर पडद्यावर 'समीर'. आई चहा घेऊन आली ती दारातच थांबली. "बंद कर ते," एवढंच म्हणाली. मलाही मानेवर कोणी श्वास सोडल्यासारखं झालं.
आणि एवढं करून फोल्डर उघडलं नाहीच. भामऱ्यांना फोन. आधी खो खो हसले, मग त्यांच्या नामपूरच्या बोलीत म्हणाले, "ताई, नाव तेच शे, पन मानूस तो नही."
फोल्डरचा मालक कोण, ते बघितलं. नावाच्या जागी लांबलचक आकडा (कॉम्प्युटर माणसाला नावाने नाही, आकड्याने ओळखतो म्हणे), पुढे 'अनोळखी'. या घरात त्याला कोणी असं म्हटलं नव्हतं.

१६ मे, बुध.
उपाय आहे. मालक म्हणून माझं नाव लावायचं. पण आधी कॉम्प्युटर विचारतो, जुन्या सगळ्या परवानग्या काढून तुमच्या लावू का?
बाबांना समजावलं. ते म्हणाले, "म्हणजे नाव कमी करायचं."
संपलं. रेशनकार्डावरून त्याचं नाव कमी करायचा विषय निघाला तेव्हाही हेच. ताटावरून उठले होते. आज गॅलरीत जाऊन उभे राहिले.

१७ मे, गुरु.
जुनी डिस्क दोनदा लागलीच नाही. तिसऱ्यांदा लागली, खरवडल्यासारखा आवाज. मी बाबांवर ओरडले, "नाव ठेवायचंय की मॅच, एकदाच ठरवा!" फार बोलले मी.
थोड्या वेळाने बाबा खुर्ची ओढून शेजारी बसले. "दाब."
दाबलं. आकडा गेला, माझं नाव आलं. फाइल्स भराभरा नव्या डिस्कवर. मला रडू आवरेना. बाबा नुसते पडद्याकडे बघत होते.

२० मे, रवि.
मॅच उघडली. जशीच्या तशी, समीर स्ट्राइकवर. त्याची बटणं कीबोर्डच्या डावीकडची. मी विचारलं, मी खेळू का त्याच्यासाठी?
"तू नको. त्याला खेळू दे."
बाबांनी बोलिंग सुरू केली. समीरचा बॅट्समन नुसता उभा. बटणं कोण दाबणार? सरळ बॉल आला की दांडी उडालीच असती. बॉल ऑफ स्टंपच्या कितीतरी बाहेरून गेला. वाइड. पुढचाही वाइड. त्याच्या पुढचाही.
मला वाटलं, हात कापतोय. पण बाबा मनमाडला रेल्वेच्या टीममध्ये बोलर होते, आणि हात अगदी स्थिर होता.
आई स्वयंपाकघरातून, "पानं घेतलीत, येताय ना?"
"ही ओव्हर संपली की आलोच."
वाइड बॉल ओव्हरमध्ये धरत नाहीत. आईला ते माहीत नाही. मी बाहेर येऊन ही वही उघडली. पानं वाढून तशीच आहेत, आणि आतून गेममधल्या टाळ्यांचा आवाज येतोय.