त्र्याऐंशी नंबरचा उजवा पाय

सोमवार, २ फेब्रुवारी

चौतीस रिसीव्हर – लांबून फेकलेला बॉल पळत जाऊन झेलणारी पोरं – आणि तीन आठवडे. काट्रिन म्हणाली, "रिसीव्हर सगळे तुझ्याकडे, ऊर्मिला," आणि कॉफी आणायला गेली. बॉस असावी तर अशी.

एप्रिलच्या शेवटी अमेरिकेत ड्राफ्ट. कॉलेजात फुटबॉल – तिकडचा, हातात बॉल घेऊन पळायचा – खेळणाऱ्या पोरांमधून प्रोफेशनल टीम्स आपापली माणसं उचलणार. त्यातली एक टीम आमची क्लायंट. ते तिकडे झोपलेले असतात तेव्हा आम्ही इकडे कोलोनमध्ये त्या पोरांच्या मॅचेस बघतो – थांबवून, मागे नेऊन, परत बघून – आणि मार्क देतो. दहा वर्षं सॉफ्टवेअरमध्ये चुका शोधल्या, आता पोरांमध्ये शोधते.

बाबांना येऊन आज पाचवा दिवस. सासूबाई गेल्यापासून फलटणला एकटेच होते, शेवटी शिरीषने नव्वद दिवसांच्या व्हिसावर आणलंच. आणून स्वतः आज सकाळच्या गाडीने इंगोलश्टाटला पळाला, कारखान्यात. आता शुक्रवारपर्यंत मी, अन्वी आणि बाबा. बाबा अन्वीशी मराठीत बोलतात, ती जर्मनमध्ये उत्तर देते, आणि दोघांचं छान चाललंय. माझ्याशी काय बोलावं हेच त्यांना कळत नाही. मलाही नाही.

बुधवार, ४ फेब्रुवारी

आज घरून काम. जेवणाच्या टेबलावर लॅपटॉप, बाबा सोफ्यावर पेपर घेऊन – तोच, फलटणहून येताना विमानात वाचलेला. अर्ध्या तासाने मागून आवाज –

"हा पळाला जीव तोडून. बॉल गेला भलतीकडेच. मग हा पळाला कशाला?"

म्हटलं, "अहो बाबा, त्याने पळायचंच असतं. बॉल आपल्याकडेच येणार असं समोरच्याला वाटलं पाहिजे."

"म्हणजे हूल."

"हो. हूलच."

"मग असं सांग ना." आणि खुर्ची ओढून शेजारी बसले.

सोमवार, ९ फेब्रुवारी

बाबा आता रोज बसतात. साडेनवाला आंघोळ करून, स्वेटर घालून, तयार. बाहेर फिरायला चला म्हटलं तर थंडी म्हणतात. तेहतीस वर्षं शाळेत पीटी शिकवली, मुलींची खो-खोची टीम राज्यापर्यंत नेली, हे मला लग्नापासून माहीत होतं. म्हणजे नक्की काय, हे आज कळलं.

"तोंडाकडे काय बघतेस? पाय बघ."

अकरा नंबरच्या पोराला मी भरभरून मार्क दिले होते. बाबांनी चार वेळा मागे न्यायला लावलं. "वळायच्या आधी खांदा टाकतो हा. समोरच्याला आधीच कळतं कुठे जाणार ते. खो-खोत असा पळणारा दुसऱ्या मिनिटाला बाद." सहा मॅचेस बघून मला जे दिसलं नव्हतं ते! मार्क कमी केले. नाव त्यांचं लावायला हवं खरं तर.

गुरुवार, १२ फेब्रुवारी

प्रूइट. ओहायोतलं कुठलंसं छोटं कॉलेज, त्र्याऐंशी नंबरचा शर्ट. हात सुंदर, जे येतं ते झेलतो. पण बॉल आपल्याकडे येणार नसेल तर नुसता रेंगाळतो. हूल द्यायचीच नाही. पहिल्या चार मॅचेस ठीक होत्या, मग नाव झालं आणि बिघडला असणार. मेहनत – दहापैकी तीन. शेरा – "आळशी. डोक्यात हवा." वाईट वाटलं लिहिताना, पण असतात अशी पोरं.

शुक्रवार, १३ फेब्रुवारी

"हा आळशी नाही."

बाबा सकाळी चहाच्या आधी हे म्हणाले. रात्रभर डोक्यात असावं.

मग दाखवलं. पहिल्या चार मॅचेसमध्ये त्र्याऐंशी उभा राहताना उजवा पाय मागे ठेवतो, त्याच्यावर रेटा देऊन सुटतो. पाचवीपासून डावा मागे. डावीकडे वळताना आधी उजवा पाय एकदाच रोवायचा, आता तीन बारकी पावलं टाकतो. बॉल येणार असेल तेव्हा मात्र एकदाच रोवतो – आणि खेळ थांबल्यावर दोन्ही हात गुडघ्यांवर. दमला म्हणून नाही. दुसऱ्या पायावर उभं राहायला.

"पाय वाचवतोय तो. जिथे लागणार तिथे खर्च करतो, बाकी वेळ वाचवतो. आळशाला एवढा हिशेब जमत नाही."

मी दिवसभर मोजलं. पाचव्या मॅचपासून डावीकडची एक्केचाळीस वळणं. सदतीसमध्ये तीन पावलं. मेलं मीच आळशी.

रविवार, १५ फेब्रुवारी

शिरीषला सांगितलं. "बाबांनी शोधलं? त्यांना नियम तरी कळतात का?" म्हणाला. बाबा ऐकत होते. "नियम पंचाला," एवढंच म्हणाले, आणि पोहे पुढे ओढले.

सोमवार, १६ फेब्रुवारी

आता प्रश्न असा – लिहू काय?

"आळशी" खोडायचंच. पण त्याजागी? नुसतं खोडलं तर आठ मॅचेस का रेंगाळला हे विचारणारच. आणि "दुखापत लपवतोय" लिहिलं तर पुढच्या आठवड्यात सगळ्या पोरांची मोठी तपासणी आहे, तिथे क्लायंटचे डॉक्टर थेट पायावरच येणार. काही निघालं तर बाकीच्या टीम्सनाही कळणार. संपलाच तो. त्याची आई एका मॅचनंतर कॅमेऱ्यात दिसते, त्याचाच नंबर लिहिलेला शर्ट घालून. ते बघायला नको होतं.

बाबांना विचारलं. मला वाटलं होतं म्हणतील, लिही. एवढं त्यांनीच शोधून काढलेलं.

"लिहू नकोस."

"पण बाबा, पाय खरंच मोडला तर?"

"तुला दिसलं ते तुला दिसलं. त्याने सांगितलेलं नाही. ज्याचा पाय त्याला कळत नसेल का?"

मी कणीक मळायला घेतली तेव्हा ओट्याशी येऊन सांगितलं. सुलेखा म्हणून मुलगी होती. चौऱ्याण्णव साल. खुंटावरून अशी वळायची की बघणारे उभे राहायचे. राज्याच्या निवडीआधी बाबांना दिसलं, गुडघा वाचवतेय. तिने सांगितलं नव्हतं. यांनी निवड समितीला सांगितलं. तिला काढलं. तिच्या वडिलांनी तेवढंच निमित्त केलं – झालं खेळून, आता घरी बस. पुढच्या मे महिन्यात लग्न.

"तुमचं चुकलं नव्हतं, बाबा. गुडघा खराबच होता ना?"

"खराबच होता. माझं बरोबरच होतं." हात पुसले, कोरडेच होते ते. "ती परत मैदानावर आली नाही."

मंगळवार, १७ फेब्रुवारी

काही लिहिलं नाही. ना रिपोर्ट, ना इथे.

बुधवार, १८ फेब्रुवारी

काट्रिनला दाखवलं. तिने सगळी एक्केचाळीस वळणं बघितली, मध्ये एकदाही फोनकडे न बघता. मग, "आल्झो, हे बघ. आपण डॉक्टर नाही. दुखापत हा शब्द नको. पण दिसलं ते लिहायचं, त्याचेच पैसे घेतो आपण." मी म्हटलं, तो लपवतोय. ती म्हणाली, "गेनाऊ, तेच तर. वीस-एकवीस वर्षांचा पोरगा एकटाच लपवतोय. कोणीतरी बघायला नको का?"

लिहिलं. पाचव्या मॅचपासून उजव्या पायावर भार टाळतो. वळणांचे आकडे. "मेहनत कमी नाही. पायाचं स्कॅनिंग करून घ्यावं." साडेचारला पाठवलं.

गुरुवार, १९ फेब्रुवारी

बाबांना सांगितलं. "बरं," म्हणाले. आज शेजारी येऊन बसले नाहीत. सोफ्यावर, पेपर.

शनिवार, २१ फेब्रुवारी

अजून पेपरच.

सोमवार, २ मार्च

तपासणीचा निकाल आला. उजव्या पावलाच्या मधल्या हाडाला तडा. केसाएवढा. एक्स-रेत दिसलाच नव्हता, स्कॅनमध्ये दिसला – आमच्या रिपोर्टमुळे केलेल्या स्कॅनमध्ये. ऑपरेशन. हा सीझन गेला. क्लायंटच्या यादीत तो नववा होता, आता यादीतच नाही. काट्रिनने खांद्यावर हात ठेवला. मला नको होता.

घरी आल्यावर बाबांनी चेहरा बघूनच ओळखलं. "निघालं?" "निघालं." मला वाटलं आता बोलतील मला. गॅसवर दूध ठेवलं, आलं किसलं, चहा करून दिला. त्यांनी केलेला पहिला चहा, साखर दुप्पट. मी सगळा प्यायले.

गुरुवार, ५ मार्च

बाबा त्या ऑपरेशनबद्दल फार विचारतात. किती दिवस पडून राहायचं, चालायला कधी लागतो, पूर्वीसारखं होतं का. मला जेवढं माहीत तेवढं सांगते. उरलेले रिसीव्हर आम्ही पुन्हा बरोबर बघतोय. तपासणीनंतर सगळ्यांचे मार्क नव्याने द्यायचेत.

मंगळवार, १७ मार्च

प्रूइटने स्वतःच व्हिडिओ टाकलाय. पलंगावर, पाय उशीवर, मागे आई. बाबांना वाक्यावाक्याला मराठी करून सांगितलं. म्हणतो, सप्टेंबरपासून दुखत होतं. कोचला सांगितलं नाही, आईलाही नाही. सांगितलं असतं तर बाहेर बसवलं असतं, आणि बाहेर बसलेल्याला कोण निवडतं? डॉक्टर म्हणाले, अजून एक-दोन मॅच खेळला असतास तर हाड दुभंगलं असतं, मग पळणं कायमचं विसर. आणि शेवटी – मला राग आलाय, कोणाचा ते माहीत नाही, पण रोज सकाळी पाय बघतो.

"राग आलाय म्हणतो?"

"हो."

"येऊ दे. आणि पाय वाचला म्हणतो?"

"हो बाबा. वाचला."

"परत म्हण ते."

परत म्हटलं.

शनिवार, ११ एप्रिल

ऊन. सगळे गाडीने ऱ्हाईनवर. बाबा बाकावर बसून अन्वीला खो-खोत बसायचं कसं ते सांगत होते, ती गवतात बसून दाखवत होती. "नाइन, आजोबा, सो!" – तसं नाही, असं – म्हणत त्यांनाच शिकवत होती. तीन महिने इतके भरकन जातील असं वाटलं नव्हतं. मला करमणार नाही – हे लग्नाला बारा वर्षं झाल्यावर सासऱ्यांबद्दल लिहितेय!

रविवार, २६ एप्रिल

ड्राफ्ट संपला. सकाळी उठून पूर्ण यादी वाचली, वरून खाली आणि मग खालून वर. त्र्याऐंशी नाही. अकरा नंबर आहे, सहाव्या फेरीत.

काट्रिनचा मेसेज – क्लायंटने प्रूइटचं नाव पुढच्या वर्षासाठी बाजूला काढून ठेवलंय, पाय भरला की बोलावतील. कबूल काहीच केलेलं नाही. बाकी सगळ्या टीम्सनी त्याला आळशी म्हणूनच सोडला होता, ती म्हणते, तपासणीच्या आधीच. म्हणजे मी गप्प बसले असते तरी –? माहीत नाही. हे मला कधीच कळणार नाही.

बाबांना सांगितलं. म्हणाले, "पुढच्या वर्षी बघ त्याला. तू बघ, दुसऱ्याला देऊ नकोस." बॅग भरून झाली. पुण्याहून अहिल्याताई मुंबईला घ्यायला येणार आहेत. मोठी मुलगी म्हणून त्यांचा धाक अजून बाबांना आहे.

सोमवार, २७ एप्रिल. फ्रँकफुर्ट, पार्किंगमध्ये

शिरीषला सुट्टी मिळाली नाही, मीच सोडायला आले. व्हीलचेअर घ्या म्हटलं तर रागावले. मी पाया पडले, तर डोक्यावर हात ठेवून म्हणाले, "डोळा तयार झालाय तुझा."

आत गेले. काचेपलीकडे लांबच लांब सरळ वाट. तीन महिने आम्ही शेजारी शेजारी बसलो. त्यांना पाठमोरं, एवढं लांब चालताना मी आज पहिल्यांदा पाहिलं. डावा पाय ते उचलतच नाहीत, कमरेतून फिरवून पुढे आणतात. दर आठ-दहा पावलांनी भिंतीवरचं काहीतरी वाचायला थांबतात. भिंतीवर काही नव्हतं.

फोन लावला. "अहो बाबा, डावा पाय कधीपासून?"

त्यांच्या मागे विमानांच्या घोषणा चालल्या होत्या.

"दिवाळीपासून. सांगितलं असतं तर तुम्ही येऊ दिलं नसतं." आणि मग, हळू, "हे कुठे लिहू नकोस, ऊर्मिला."

विमान सुटायला एक तास आहे. अहिल्याताईंना फोन लावते आहे.