लुधियान्यात पोहे

लुधियाना
९ ऑक्टोबर १९९६

आप्पा, पायाला भिंगरी लागलीय, एका जागी टिकत नाही, आठवीतून उठला तो उठलाच, हे सगळं तुम्ही मागच्या पत्रात लिहिलं होतं. त्याच्या मागच्यातही. या वेळी फक्त शाई नवी आहे. हातोदच्या मंडीत हमाली केली तेव्हा पाठ धरली म्हणून सोडली. सायकलच्या दुकानात माझ्या जागी मालकाचा साळा आला. टेम्पोवर क्लीनर होतो तर टेम्पोच विकला गेला. त्यात माझे पाय कुठे आले? टेम्पो काय मी विकला? आणि तुम्ही इतकी वर्षं एका जागी टिकून आहात ना, मिलच्या गेटवर, दर रविवारी मीटिंगला. उघडली का मिल?

हे लिहायला नको होतं. पण खोडलं की कागद घाण दिसतो, आणि आई विचारत बसेल की याच्याखाली काय लिहिलं होतं. राहू द्या. वाचून सोडून द्या.

नमस्कार राहूनच गेला. तुम्हाला आणि आईला साष्टांग. इंदूला सांगा, दादा मजेत आहे. इथे सकाळी गार वाजायला लागलं. तब्येत ठीक आहे, खोकला होता तो गेला. आईनं खजरान्याच्या गणपतीला नारळ बोलला असेल तर फोडून टाका.

आता शरदकाकांच्या नौकरीचं. शरदकाका शाळेत बाबू आहेत म्हणून नौकऱ्या त्यांच्या टेबलाच्या खणात आहेत असं नाही. चपराशाची जागा, पक्की, दिवाळीनंतर हजर व्हायचं, आणि त्याच्यासाठी 'वर' आठ हजार द्यायचे. वर मतलब कोण, ते त्यांनी सांगितलं नाही आणि तुम्ही विचारलं नाही. तुम्ही लिहिलं, पैशाची सोय होते आहे. कुठून होते आहे ते लिहिलं नाही. खाली कोपऱ्यात इंदूनं बारीक अक्षरात लिहून दिलं, "दादा, दसऱ्यानंतर आईच्या पाटल्या सराफ्यात जाणार. आई दोन दिवस बोलत नाही." तिला रागावू नका. तिनं लिहिलं म्हणून मी लगेच लिहायला बसलो, नाहीतर तुम्हाला माहीतच आहे माझं.

पाटल्या नेऊ नका. मी येत नाही.

एवढंच लिहायचं होतं. पण कारण लिहिल्याशिवाय तुम्ही ऐकणार नाही. तर कारण असं की इथे सध्या सीजन आहे. स्वेटरचा माल दिवाळीच्या आधी दिल्लीला जातो, त्यामुळे सगळे कारखाने रात्रंदिवस चालू आहेत. अशा वेळी सोडून येणं ठीक नाही. तुम्ही दर पत्रात विचारता, कोणत्या खात्यात आहे, मशीनी किती, जॉबर कसा आहे. मशीनी काही आपल्या मिलच्या विणायच्या साच्यांसारख्या आडव्या नसतात. गोल असतात, वरून धागा येतो, खाली कपडा थैलीसारखा लोंबत उतरतो. आवाज साच्यापेक्षा कमी. मला एवढंच माहीत आहे. याच्या पुढचं विचारू नका.

१० ऑक्टोबर

काल इथपर्यंत लिहिलं आणि घडी घालून ठेवलं. आज सकाळी टाकायला निघालो होतो, पेटीपर्यंत गेलो आणि परत आलो.

आप्पा, मी कारखान्यात नाही. मागच्या डिसेंबरपासून नाही.

इथे सीजन असतो तसा बिनसीजनही असतो. माल गेला की अर्ध्या माणसांना सांगून देतात, जूनमध्ये या. कोणी भांडत नाही, झेंडा नाही, मीटिंग नाही. माझा नंबर पहिल्याच यादीत लागला, कारण मी मशीनवर नव्हतोच. मी बाह्या आणि गळे यांचे लोंबते धागे कापायचो. तुम्हाला लिहिलं होतं, चेकिंगमध्ये आहे. कैची हातात होती एवढं खरं.

तेव्हाच लिहायला पाहिजे होतं. पण इंदूनं त्याच महिन्यात लिहिलं की तुम्ही गेटवर सगळ्यांना सांगता, मिल बंद पडली तरी या पांडुरंगाच्या घरातून कपडा सुटला नाही, पोरगा लाईनीतच आहे. ते वाचलं आणि वाटलं, एक महिना थांबू, दुसरीकडे लागून जाऊ, मग लिहू. तो महिना आजपर्यंत चालला.

दुसरीकडे लागलो नाही. माझ्याकडे थोडे पैसे होते. जवळच्या चहावाल्या सरदारजीकडून थोडे उचलले आणि एक जुनी रेहडी घेतली. इथे ठेल्याला रेहडी म्हणतात. आणि घंटाघराजवळ पोहे लावले.

हसू नका. मला खरंच वाटायचं की सकाळ झाली की माणूस पोहे खातो. आपल्याकडे आठ वाजता कोणत्याही नाक्यावर बघा, भगोन्यातून वाफ निघते आहे आणि लोक जिलबीसाठी हात लांब करून उभे आहेत. मी विचारच केला नाही की हे फक्त आपल्याकडे आहे. सौंफ घातली, वाफेवर ठेवले, वर शेव, कांदा, लिंबू, इंदूरहून आणलेला जीरावन मसाला. जिलबी हलवायाकडून आणली. एकदम आपल्या परदेशीपुऱ्यातल्यासारखे झाले होते, आईची शपथ.

पहिलं गिऱ्हाईक एक जाडे सरदारजी. त्यांनी झाकणाखाली वाकून बघितलं आणि हाक मारून दोस्ताला बोलावलं, "ओए, ए तां चिडियां दा चोगा ए!" मतलब चिमण्यांचे दाणे. दोस्तानं मला विचारलं, "घर में कोई बीमार है, बेटा?" इथे माणूस सकाळी लोणी घातलेले पराठे खातो, त्याच्यावर इतका मोठा ग्लास लस्सी पितो. त्याला पोहे मतलब पथ्य. दुपारी जिलबी मी खाल्ली, संध्याकाळी पोहे मी खाल्ले. दुसऱ्या दिवशी तसंच. मी हट्टी आहे, तुम्हीच म्हणता. मला वाटलं, चव लागायला वेळ लागतो. पूर्ण जानेवारी घातला. धुकं असं की रेहडीवरून रस्त्याची पलीकडची बाजू दिसायची नाही, आणि मी ओरडतो आहे, "पोहा गरमागरम!" धुक्यालाच विकत होतो म्हणा.

फेब्रुवारीत खोली सुटली. सरदारजीच्या चहाच्या दुकानात बाकावर झोपायचो आणि दोन्ही वेळ गुरुद्वाऱ्यात लंगरला जेवायचो. तिथं कोणी विचारत नाही कुठला, काय करतो. डोक्यावर रुमाल बांधायचा आणि पंगतीत बसायचं. मला फुकट खायची लाज वाटायची, म्हणून जेवल्यावर भांडी घासायला बसायचो. आणि त्या महिन्यातही तुम्हाला पाचशे पाठवले. कारखान्यात असताना पाठवायचो तेवढेच, सात तारखेच्या आतच. सरदारजी म्हणाले, "खुद लंगर खाता है और घर मनीआर्डर करता है, तेरा दिमाग ठीक है?" मी म्हटलं, पगार आहे, पाठवावाच लागतो. तरी पैसे दिले त्यांनी.

मार्चमध्ये एक दिवस पहाटे मी रेहडी विकायलाच निघालो होतो. रस्त्यात एक माणूस आडवा आला. हात कोपरापर्यंत निळे. रंगखात्यात रातपाळी करून आला होता. नाव लक्ष्मण महतो, बिहारचा, मधुबनीकडचा. त्यानं रेहडीवरच्या पोत्याच्या उघड्या तोंडातून कच्चे पोहे बघितले आणि त्याचे डोळेच बदलले. "अरे, चूडा है?" मी म्हटलं, पोहा आहे. तो म्हणाला, "पोहा-ओहा हम नहीं जानते, ई चूडा है. दही है? गुड?" मी त्याला भगोन्यातले उरलेले दाखवले. त्यानं तोंड वाकडं केलं. "इसको पीला काहे कर दिया? हल्दी लगा के ब्याह करोगे इसका?"

मला राग आला. पोहे कच्चेच द्यायचे, दह्यात कालवून, वर गूळ, मतलब करायचं काय मग? याच्यात माझा हात कुठे? पण तो जाताना म्हणाला, "सुबह छह बजे हमरे गेट पे आओ. सौ आदमी भूखा निकलता है."

गेलो. दही घेतलं, गूळ घेतला. भोंगा झाला, गेट उघडलं आणि माणसं निघाली. मी ओरडायला लागलो, "चूडा-दही, चूडा-दही, बोलो भैया कितना, बोलो क्या लगेगा!" एकही थांबला नाही. खाली मान घालून जात होते. लक्ष्मणसुद्धा माझ्याकडे न बघता निघाला.

तेव्हा मला तुमची आठवण आली. खरंच सांगतो, तोपर्यंत चार महिने मी तुमची आठवण टाळतच होतो. तुम्ही रातपाळी करून यायचे तेव्हा आई आम्हाला सांगून ठेवायची, कोणी तोंड उघडायचं नाही. काय खाणार असं विचारायचं नाही, ताट आणून ठेवायचं. मी एकदा विचारलं होतं, तर तुम्ही म्हणालात, "रातभर साच्यांनी कान खाल्ले, आता तू नको खाऊ." तुम्ही भिंतीकडे तोंड करून जेवायचे. अर्धं ताट संपलं की मग हळूच विचारायचे, इंदू उठली का?

दुसऱ्या दिवशी मी तोंड उघडलं नाही. भोंग्याच्या आधीच दोने, मतलब द्रोण, भरून ओळीनं ठेवले. बाजूला बादलीत पाणी ठेवलं आणि प्रत्येक दोन्यात चमचा, कारण त्यांच्या हातांचा रंग धुऊनही जात नाही. माणूस जवळून गेला की त्याच्या हातात दोना द्यायचा. भाव सांगायचा नाही, पैसे मागायचे नाहीत. पहिल्यानं घेतला आणि तिथंच उभा राहून खाल्ला, माझ्याकडे पाठ करून. मग दुसऱ्यानं. मग सगळं गेटच भिंतीकडे तोंड करून उभं होतं, आप्पा, आणि कोणी बोलत नव्हतं, फक्त चमच्यांचा आवाज. खाऊन झाल्यावर एकेक येऊन रेहडीवर पैसे ठेवून गेला. मला मोजायला जमलंच नाही.

मी कोणाकडून काही शिकलो नाही, शाळेत टिकलो नाही, कारखान्यात टिकलो नाही. हे एक तुमच्याकडून आलं, तेही तुम्ही शिकवलं नव्हतं.

तेव्हापासून तिथंच आहे. सात महिने एकाच गेटवर. पायाला भिंगरी आहे त्याचं काय झालं मला माहीत नाही. सीजनला दोन पाळ्यांना लावतो, बिनसीजनलाही रंगखातं चालू असतं. आता लक्ष्मणच्या मुलखातला एक पोरगा हाताखाली ठेवला आहे. सरदारजीचे सगळे पैसे फिटले. आणि या महिन्यात रेहडी सोडून खोका घेतला, पत्र्याचा, गेटच्या समोर, आत चूल आहे आणि पाऊस लागत नाही. पागडी देऊन झाली. रविवारी मी एक परात आपले पिवळे पोहे करतोच. लक्ष्मण म्हणतो, "फिर से मरीज का खाना?" आणि दोनदा घेतो.

आता जे लिहायला दोन दिवस लागले ते. मिल बंद झाली तेव्हा आई म्हणाली होती, मी गेटवर पोह्याचं भगोनं घेऊन बसते, सगळे ओळखीचेच आहेत. तुम्ही म्हणालात, ज्या गेटमधून मी साचा चालवायला गेलो तिथं माझी बायको पोहे विकणार नाही. आईनं त्यानंतर तो विषय कधी काढला नाही. मी दारात उभा होतो. म्हणून मला सांगायला जमत नव्हतं. धागे कापायचो हे सांगितलं असतं, लंगरचंही सांगितलं असतं. गेटवर पोहे विकतो हे नाही सांगता येत होतं. गेट दुसऱ्याचं आहे, पण गेटच आहे.

गेटवर लोकांना काय सांगायचं ते तुम्ही ठरवा. कपड्यात आहे म्हणून सांगत राहिलात तरी मी येऊन खोटं पाडणार नाही. शरदकाकांना माझं नाव घेऊन सांगा, पोरगा नालायक आहे, नाही म्हणतो. त्यांना पटेल. पण पाटल्या काढू नका. मी आलो तर त्या पाटल्यांवर घंटा वाजवीन, साहेबाला पाणी देईन, आणि इथे कोणीतरी येऊन माझ्या जागेवर ओरडायला लागेल, बोलो क्या लगेगा. मला ते सहन होणार नाही. नौकरी वाईट नाही, आप्पा. मला पाहिजे नाही, एवढंच.

आईला हे पत्र वाचून दाखवा. पूर्ण. पोह्यांचं सोडू नका.

या महिन्यापासून पाचशेची वाट बघू नका. ते पाचशे पगार म्हणून यायचे, आणि पगार नव्हताच. आता जे उरेल ते येईल, कधी जास्त येईल, कधी पोस्टमनसमोर तुम्हाला कमीही वाटेल. तेव्हा चेहरा नका करू. या वेळी खोक्यात गेले म्हणून थोडे आहेत, पण याच्यातला एक रुपयाही कोणाकडून उचललेला नाही.

तुमचा, टिकलेला,
धनेश

मनीऑर्डर आजच केली. रुपये तीनशे चाळीस.